बिनधुराचं डांबर

“धूर निघत नाही तो माल मेलेला. तीस वर्षं डांबर पसरलंय मी, सूनबाई. तुमची प्रयोगशाळा नव्हती तेव्हापासून.”

“म्हणूनच म्हणतेय बाबा, असा माल तुम्ही आधी पाहिलाच नव्हता. एकशे तीस अंशांवर होता. मी स्वतः मोजून पाठवला होता.”

“मोजा. काखेत लावून बघा, डांबराला ताप आहे का!”

तिचा नवरा हसला. बायकोचा चेहरा बघून त्याने तोंडाला चहाचा कप लावला.

सासरे मुकादम आणि सून त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत. कामगार तिला ‘थर्मामीटरवाली’ म्हणत, तोंडावरसुद्धा. बावीस वर्षांची असताना ती नमुन्यांचे साचे घासायला लागली होती. रॉकेलने हात सोलवटायचे. साहेब लोक नमुन्यांवर काय करतात ते घासता घासता बघत ती शिकली, मग परीक्षा दिल्या. बोगद्यासाठी कमी तापवायचं डांबर वापरावं, त्यात जुन्या रस्त्याचा खरवडलेला माल मिसळावा, म्हणजे इंधनही कमी जळेल आणि धूरही कमी होईल, हे साहेबांच्या गळी उतरवायला तिला दोन वर्षं लागली होती. उघड्या रस्त्यावर धूर वर जातो. बोगद्यात तो माणसांतच राहतो.

शेवटी चाचणीपुरते शंभर मीटर मिळाले. पहिल्या दोन गाड्या आल्या तेव्हा मुकादमांनी नेहमीसारखा मालावर तळहात धरला, धूर शोधला, तो दिसेना म्हणून गाड्या बोगद्याच्या तोंडावरच थांबवल्या. दोन तास. ती तेव्हा माल तयार होतो त्या प्लांटवर होती. बोगद्यावरून तिला फोन जाऊन खुलासा होईपर्यंत माल खरोखरच थंड झाला. तसाच पसरला. आता त्या शंभर मीटरांत बोटाने खडी उकरता येत होती, आणि मोठे साहेब म्हणत होते, जुनंच डांबर आणा. तिचा अहवाल आज बारापर्यंत जायचा होता. त्यावरच ठरणार होतं.

“गाड्यांना उशीर झाला, एवढंच लिही ना,” नवरा म्हणाला. “रहदारीमुळे. कोण विचारतंय?”

“रहदारी रोजच असते. मग साहेब म्हणतील, हा माल वाटेतच थंड होतो, नको आपल्याला.”

“बाबांच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत गं.”

“तीस वर्षांत माझ्या नावावर एक शेरा नाही,” मुकादम म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “घरच्या माणसाने पहिला मारायचा?” मग त्यांना खोकला लागला आणि थांबेना. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

सासूबाई इतका वेळ कपडे घडी करत होत्या. त्यांनी पाणी पुढे केलं. “अभ्रा पांढरा आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मागच्या बोगद्याला तुमच्या उशीचा अभ्रा रोज काळा व्हायचा. नाकातून, तोंडातून. भिजत घालून घालून फाटले दोन. या चाचणीच्या आठवड्यात एकही काळा नाही. मला तुमचे अंश कळत नाहीत. धुणं मी करते.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“मी कुठे पडतेय? अभ्र्याचं सांगतेय.” आणि त्यांनी पुढचा टॉवेल उचलला.

मुकादमांनी पाण्याचा घोट घेतला. सून त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसानेच तिला पहिल्यांदा बोगद्यात नेलं होतं. तिच्या डोक्यावर स्वतःची टोपी चढवून, “बाईमाणूस आत कशाला?” विचारणाऱ्याला झापून. वाईट वाटत होतं. पण जुनं डांबर आलं तर वीस-वीस मिनिटांनी बाहेर येऊन ओकणारी माणसं तिला दिसत होती, आणि त्यांत एक हा माणूसही होता.

तिने कप विसळून ठेवला, पिशवी खांद्याला लावली.

“अहवाल लिहून झालाय,” ती म्हणाली. “गाड्या कोणी अडवल्या, किती वेळ आणि का, नावासकट. धुरावरून ताप ओळखायची सवय नडली, आणि माल चांगला होता, असं आहे त्यात. बाराला देणार. पुढचे शंभर मीटर मागणार आहे, त्या दिवशी पहाटेपासून मी बोगद्याच्या तोंडावर थर्मामीटर घेऊन उभी राहणार. मुकादम म्हणून तुमचंच नाव सुचवलंय, बाबा. यातलं काहीच बदलणार नाही.”