राणीच्या रुपयावरचा ठिपका

नाणी जमवायला पैसे लागतात, किस्से मात्र फुकट जमतात! आमच्याकडे तर हल्ली नाणी कमी आणि किस्सेच जास्त झालेत.

आम्ही चौघे. दर रविवारी सकाळी गिरगावात डॉक्टर नाबरांच्या दाताच्या दवाखान्यात जमतो, कारण तिथला दिवा झकास. 'इंग्रजांच्या काळातली नाणी बघतो' म्हटलं की लोक आदराने मान हलवतात. 'म्हणजे नेमकं काय बघता?' असं विचारलं की आमची पंचाईत! टांकसाळीत छापाचा साचा, म्हणजे डाय, झिजली की नवी यायची. मग कुठे ठिपका जास्त, कुठे राणीच्या झग्याची नक्षी वेगळी. तेवढाच फरक शोधायचा. कॅटलॉगमध्ये नसलेला सापडला तर माणूस अमर! घरच्यांच्या मते, वाया गेलेला.

*

डॉक्टरांना रविवारपर्यंत धीर निघत नाही. एकदा खुर्चीत एक बाई आ करून बसलेल्या, आणि डॉक्टरांच्या खिशात भायखळ्याहून नुकताच आणलेला आणा. 'एक मिनिट हां' म्हणत त्यांनी दिव्याखाली तो धरला आणि ओरडलेच, "अरे बाप रे! क्रॅक थेट नाकापासून हनुवटीपर्यंत!"

बाई उठल्या आणि जिना उतरून गेल्यासुद्धा. गळ्यात दवाखान्याचा नॅपकिन तसाच!

*

आमचा साळवी दादरचा. झग्याच्या नक्षीवरून राणीचा छाप ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. लग्नाला निघताना वहिनी नवी पैठणी नेसून समोर आल्या. "काही फरक दिसतोय का?"

साळवीने त्यांना खांद्याला धरून खिडकीच्या उजेडात वळवलं, नीट निरखलं आणि म्हणाला, "नाही गं. डाय तीच आहे, जरा झिजलीय."

तो आठवडाभर माझ्याकडे जेवत होता.

*

पुण्याहून तज्ज्ञ आले, बापट. दादरच्या हॉलमध्ये पडद्यावर नाणं दाखवून म्हणाले, "हा राणीच्या हनुवटीखालचा ठिपका आजवर कोणीच पाहिलेला नाही!" आम्ही गार. पुढच्या नाण्यावरही तोच ठिपका. त्याच्या पुढच्यावर राणीऐवजी राजा, तरी ठिपका तिथेच! डॉक्टरांनी उठून रुमालाने प्रोजेक्टरची काच पुसली. शोध संपला.

तेव्हापासून बापट कुठलाही ठिपका टोचून बघितल्याशिवाय मान्य करत नाहीत.

*

आणि आता परब. लालबागचे, पक्के नास्तिक. देवाला हात जोडताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. परबकाकूंच्या देव्हाऱ्यात लक्ष्मी म्हणून पुजलेला राणीचा रुपया आहे. एका दिवाळीला परबांना त्यावर सनाशेजारी एक बारीक ठिपका दिसला. कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही! माणसाची झोप उडाली. "एकदा माझं नाव लागू दे रे त्या पुस्तकात," म्हणाले, "मग डोळे मिटले तरी चालेल."

पण रुपया तपासायला न्यायचा म्हटलं, तर काकू ठाम. "लक्ष्मी घराभायर जावची नाय!"

मग परब भिंग घेऊन देव्हाऱ्यासमोर तासन्‌तास बसायला लागले. चाळीत बोभाटा झाला, परब सुधारले! मंडळाने त्यांना आरतीला पुढे उभं केलं. बिचारे टाळ्या वाजवत होते.

शेवटी बापटांनाच घरी आणलं. काकूंनी त्यांना पाय धुवायला लावले, चामड्याचा पट्टा काढायला लावला, पाटावर बसवलं. आम्ही तिघे दारात उभे. बापटांनी बराच वेळ पाहिलं. "ठिपका आहे. पण तो धातूचा असेल, नाहीतर नुसतं वाळलेलं कुंकूही असेल. काडीने हलकेच टोचतो. टिकला तर तुमचं नाव लागलंच म्हणून समजा."

परबांनी काकूंकडे पाहिलं. इतकं केविलवाणं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. काकूंनाही बघवेना.

"टोचा," त्या म्हणाल्या. "मी तोंड फिरवतंय."

आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बापटांनी काडी लक्ष्मीजवळ नेली. परबांनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हवांदे ओ! तिका दुखात!"