बकारामची बिजाई

सालेकशाच्या रेल्वेलाइनवर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारता मारता बकारामची अठ्ठावीस वर्षं गेली. त्यातून हाती काय आलं, तर वाकेनासे झालेले गुडघे आणि पोटाला चिमटा काढून जमवलेले दोनशे दहा रुपये. गुडघ्यांचं आता काही होण्यासारखं नव्हतं, पैशाचं होतं. तलावाखालची यादोराव पाटलाची धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, घ्यायची, सब्बल कायमची खाली ठेवायची आणि शेताच्या धुऱ्यावर बसून स्वतःचा धान पाहायचा. दमलेल्या माणसाला याहून जास्त काही नको होतं. यादोरावही म्हणाला होता, "विकीन तवा पयले तुलेच सांगीन. पन पैसा रोख लागंल."

दुसरी मोठी लढाई चालू होती, जर्मनी-जपानशी. गोंदियाच्या डाकघरात सरकारी बचतीची सर्टिफिकिटं आली होती. आज दहा द्या, बारा वर्षांनी पंधरा घ्या; पहिली तीन वर्षं मात्र हात लावायचा नाही. डाकबाबू ईश्वरदास भला माणूस. त्याने बकारामला बजावलं, "देख भाई, हजारवाल्यानं शंभर अडकवले तं त्याले फरक पडत नाही. तुयाजवळ दोनशेच हायेत. खात्यातच राहू दे. ब्याज कमी, पन लागले तवा निघतात."

बाबूचं बोलणं सोळा आणे खरं होतं. पण बकाराम पडला धानाच्या मुलखातला. पीक घरात आलं की आधी पुढच्या सालाची बिजाई, म्हणजे पेरायचं बी, वेगळी काढायची, कणगीसारख्या ढोलीत भरून तोंड शेणमातीने लिंपायचं आणि चूल पेटली नाही तरी ते लिंपण फोडायचं नाही, ही तिथली रीत. त्याच्या बापाने मोठ्या दुष्काळात ते फोडलं होतं. लहानग्या बकारामने तो भात पोटभर खाल्ला, आणि पुढच्या मृगात बापाला रिकाम्या बांधीत नुसतं उभं राहिलेलं पाहिलं. ते उभं राहणं तो कधी विसरला नाही.

म्हणून हात लावता न येणारा पैसा त्याला उलट आवडलाच. आता या शहाण्याला कोण सांगणार, की बिजाई म्हणून कोणी अख्खी रास लिंपून ठेवत नाही! दीडशे रुपये त्याने सर्टिफिकिटांत घातले, चाळीस खात्यात ठेवले आणि विसाचं चांदीचं कडं करून बायकोच्या, शामकलाच्या हातात घातलं.

चौदा महिन्यांनी यादोरावच्या मुलीचं लग्न ठरलं आणि निरोप आला: बांधी एकशे ऐंशीला, आठ दिवसांत. बकाराम धावत गोंदियाला गेला. ईश्वरदासने कागद उलटेपालटे केले. "अजून बावीस महिने नाही निघत, बकाराम. कायदा हाय."

खात्यात बावन्न होते. शामकलाने कडं काढून दिलं, त्याचे अठरा आले. सर्टिफिकिटं पाहून सावकार हसला आणि म्हणाला, "याले ठेवून मी काय करू?" नवव्या दिवशी बांधी गिरणीवाल्या नंदलाल शेठने घेतली. शेठ ती पाहायलाही आला नाही.

आषाढात धानाची रोपं लावायची रोवणी लागली. लाइनवरून बकारामला तलावाखाली वाकलेल्या बाया दिसत होत्या. त्यांतली एक पाठ त्याने लांबूनच ओळखली आणि दिवसभर पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी शामकला दाराशी पायांचा चिखल धूत होती.

"त्याच बांधीत काऊन गेलीस?" त्याने विचारलं.

"मजुरी होती म्हनून गेली." तिच्या आवाजात राग नव्हता, राग करायलाही अंगात जीव लागतो. तिने पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. "तुमची बिजाई तं वाचली. आता पेरता कुठी?"