मंडळीचा गुडघा

आमच्या केजच्या मंडळीचा गुडघा वाकत नाही, ही बातमी जर्मनीला माझ्यामुळे पोचली.

आता 'मंडळी' म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चची माणसं. रविवारी उपासनेला जमणारी पन्नास-साठ टाळकी. आणि आमच्या घरात मंडळी म्हणजे बायको! माझे वडील आईला मंडळी म्हणायचे, मीही सुमनला मंडळीच म्हणतो. नावानं हाक मारायची हिंमत पस्तीस वर्षांत झालेली नाही. तीही चारचौघांत मला 'मालक' म्हणते. (मालकी नेमकी कशाची, ते अजून कळलेलं नाही.)

तर जर्मनीतल्या एका लहानशा गावातल्या मंडळीशी आमच्या मंडळीचं नातं जुळलं. त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करायची, आम्ही त्यांच्यासाठी, आणि महिन्याला एक पत्र. हे जुळवायला आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, लई खपले होते. "मास्तर, आपल्याला साता समुद्रापार बहीण मिळाली," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. पत्रं लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी सेक्रेटरी आणि वर रिटायर मास्तर. मला जर्मन येत नाही, पण फोनला येतं! आपण मराठीत बोलायचं, तो जर्मनमध्ये लिहून देतो. तिकडून हेल्गाताई जर्मनमध्ये लिहितात, तो मराठीत वाचून दाखवतो. असा आमचा दोघांचा एकमेकांवर आणि फोनवर पूर्ण विश्वास होता.

तिसऱ्या पत्रात हेल्गाताईंनी आपल्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल सविस्तर लिहिलं. म्हटलं, बाई एवढं मन मोकळं करते, तर आपणही करावं. त्या दिवसांत सुमनचा उजवा गुडघा धरला होता आणि डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती.

"बीडला दाखवून येऊ."

"कावून? मला काय धाड भरलीय?"

"अगं, चालताना भिंत धरतीस तू."

"भिंत पडंल म्हनून धरते! आन् खबरदार, चर्चमधी कुनाला सांगितलं तर. भगिनी मंडळात मी सगळ्यात म्होरं असते. उद्या बाया म्हनतील, सुमनबाई थकली, बसवा तिला मागं."

म्हणजे केजमध्ये सांगायला बंदी होती. जर्मनीबद्दल ती काहीच बोलली नव्हती!

मी फोन तोंडाशी धरला आणि बोललो, "आमच्या मंडळीचा गुडघा वाकत नाही. दिवसभर कण्हते. मी समजावायला गेलो की अंगावर येते."

एरवी महिना लावणारं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'तुमची मंडळी गुडघे टेकत नाही हे वाचून फार दुःख झालं. हे कधीपासून?'

काय हा जिव्हाळा! सख्ख्या मेव्हण्यानं एवढी चौकशी केली नव्हती. मी कळवलं, "दिवाळीपासून. आधी नुसती कुरकुर होती, आता पार ताठ झाली आहे."

'तुमच्या पाळकांना ठाऊक आहे का?'

"नाही. त्यांना कळू द्यायचं नाही, असं मंडळीनं मला बजावलं आहे."

'म्हणजे तुम्ही हे एकटेच सोसता?'

हे ऐकून मला खरंच गहिवरून आलं. पस्तीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं हो! मग मीही हात राखला नाही. "एकटाच. मंडळी पहिल्यापासूनच माझं ऐकत नाही. पण खोटं कशाला बोलू, स्वयंपाक उत्तम करते."

यावर उत्तर आलं, 'तुमच्या मंडळीला पश्चात्ताप व्हावा म्हणून आम्ही रोज प्रार्थना करतो. मी स्वतः तिच्याशी बोलायला येत आहे.'

गुडघेदुखीला पश्चात्ताप हा उपाय मला जरा जड वाटला. पण मनातल्या मनात म्हटलं, झाला तर बरंच आहे.

हेल्गाताई आल्या त्या रविवारी पाळकसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. चर्च धुऊन काढलं, दाराला तोरण बांधलं, धुतलेल्या सतरंज्या अंथरल्या. हेल्गाताई म्हणजे सत्तरीच्या, उंच, गोड चेहऱ्याच्या बाई. सोबत संभाजीनगरहून आणलेला दुभाषा होता. गीतं झाली, हार झाले आणि ताई बोलायला उभ्या राहिल्या.

"प्रिय मंडळी," दुभाष्यानं सुरुवात केली, "तू एवढी ताठ का झालीस?"

लोक हसून माना डोलवत राहिले. पाहुणे बोलतात ते चांगलंच असतं, अशी आमच्याकडं समजूत आहे.

"दिवाळीपासून तू गुडघे टेकलेले नाहीस."

माना डोलायच्या थांबल्या.

"आणि बिचारा सेक्रेटरी समजावायला आला की तू त्याच्या अंगावर धावून जातेस!"

साठ माना एकदम माझ्याकडं वळल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

पाळकसाहेब हळूच माझ्यापाशी आले. रागावले असते तर परवडलं असतं. पण त्यांचा आवाज कापत होता. "मास्तर, माझी मंडळी प्रार्थना करत न्हाई, असं लिवलं तुमी? ईस वर्षं झाली मला हितं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं, तर सुमनचा गुडघा भगिनी मंडळासमोर उघडा पडणार. न सांगावं, तर साहेबांच्या वीस वर्षांची माती. आणि खांबाला टेकून उभी असलेली सुमन माझ्याकडं अशी बघत होती, की मला जर्मन येत असतं तरी विसरलो असतो.

"साहेब, ती मंडळी... म्हंजे ही मंडळी न्हाई..."

"मंग कोनती?"

मी छताकडं बघू लागलो.

एवढ्यात आमचे सगळ्यांत जुने सभासद दाजीबा गरजले, "आमी गुडघे टेकत न्हाई? आरं टेका रं समदे, दाखवा पाहुन्याला!"

धाड धाड धाड! साठ जणांनी सतरंजीवर गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी टेकले, मी टेकले, गोंधळून दुभाष्यानंही टेकले. हेल्गाताईंच्या डोळ्यांतून आनंदाचं पाणी वाहू लागलं. त्यांनी रुमालानं डोळे पुसले, नीट पाहिलं, तर अख्ख्या चर्चमध्ये एकच बाई खांब धरून ताठ उभी!

हेल्गाताई तिच्यापाशी गेल्या. दुभाषा गुडघ्यांवरच सरकत त्यांच्या मागोमाग गेला. "ताई विचारतात, सगळे टेकले, तुम्हीच का टेकत नाही?"

सुमननं भगिनी मंडळाकडं पाहिलं. मग खाली मान घालून बसलेल्या पाळकसाहेबांकडं पाहिलं.

"वाकत न्हाई म्हनून!" ती मोठ्यानं म्हणाली. "गुडघा लई दुखतोय माझा, चार म्हैने झाले. साहेब, मान वर करा. तुमची मंडळी चांगली हाय. ही ह्यांची मंडळी ताठ हाय!"

दुभाष्याला ते समजावून सांगायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. शेवटी हेल्गाताईंनी विचारलं, "म्हणजे स्वयंपाक उत्तम करते ती हीच?"

"हीच," मी जमिनीकडं बघत म्हणालो.

मग त्या जे हसायला लागल्या, की त्यांनाच खांब धरावा लागला. पाळकसाहेब तर पोट धरून सतरंजीवर आडवे झाले. हेल्गाताईंनी आपला गुडघा थोपटून सांगितलं, हाही असाच दुखायचा, ऑपरेशन केलं, आणि सुमनसमोर दोन फेऱ्या मारून दाखवल्या. चार महिने मी घसा फोडला ते वाया. त्या दोन फेऱ्यांनी काम केलं आणि मंगळवारी सुमन आपणहून बीडच्या गाडीत बसली. भगिनी मंडळानं तिला मागं बसवलं नाही. सगळ्यात पुढं खुर्ची टाकून दिली. सुमननं साहेबांची मान वर केली, तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. (तिला सांगितलेलं नाही. सांगायचं कसं, ते कळत नाही.)

पाळकसाहेबांनी पत्रांचं काम माझ्याकडून काढून सुमनकडं दिलं. "मास्तर, तुमी आता आराम करा," असं म्हणाले. मी केला.

परवा तिच्या पहिल्या पत्राचं उत्तर आलं. मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होतो. फोन गंभीर आवाजात वाचत होता, 'तुमचा प्रभू दिवसभर खाटेवर झोपून असतो आणि हाक मारली तरी ओ देत नाही, हे वाचून आम्ही हादरलो आहोत. या वेळी आमचे पाळकही सोबत येत आहेत.'

मी ताडकन उठून बसलो. "काय लिवलंस गं तू?"

"हाय तेच लिवलं," सुमन म्हणाली. "आमचे मालक दिवसभर खाटंवर पडून असतेत, हाक मारली तरी ओ देत न्हाईत."

तेव्हापासून मी खाट अंगणात उभी करून ठेवली आहे. पाहुणे येतील तेव्हा प्रभू निदान जागा तरी दिसला पाहिजे!