आमदारसाहेबांच्या सासुरवाडीला

मार्गारेटच्या गाडीने आम्ही लोअर हट सोडलं, तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त उत्साहात होते. मार्गारेट ही माझ्या लेकीची, केतकीची सत्तरीतली शेजारीण. तिचे पणजोबा अमेरिकेतल्या एका राज्याचे आमदार होते, हे कळल्यापासून मी तिचा पिच्छाच पुरवला होता.

माणूसही काय! काळ्या मुलांनाही सरकारी शाळेत बसू द्या, असं भर सभागृहात ठणकावून सांगितलं आणि पुढच्याच निवडणुकीत आपटले. बायको वारलेली. मुलीला घेऊन सोन्याच्या नादाने न्यूझीलंडला आले आणि वैरारापा भागात मेंढ्यांत रमले. तिथे त्यांनी एका माओरी बाईशी लग्न केलं. मुलीने मात्र पुन्हा बापाचं तोंड पाहिलं नाही. मार्गारेट त्या मुलीची नात. दोन घरांत येणंजाणं असं नव्हतंच. आज ती प्रथमच पणजोबांच्या थडग्यावर फुलं वाहायला निघाली होती, आणि तिकडचे आपल्याला जवळ करतील का, या धास्तीने गप्प होती.

घाटात मला गाडी लागली, पण पलीकडचं हिरवंगार सपाट रान पाहून मी पुन्हा ताजीतवानी झाले.

मराएवर (माओरींचं सभास्थान) बायकांनी लांब सुरात हाक घालून आम्हाला आत घेतलं. तिथली वडीलधारी मेरे ही पणजोबांच्या दुसऱ्या घरातली पणती. यजमानांची भाषणं झाली. मग पाहुण्यांनी बोलायचं आणि शेवटी गाणं म्हणायचंच, अशी तिथली रीत. मार्गारेट कसंबसं बोलली, पण गाण्याच्या वेळी तिला आवाज फुटेना. सगळे वाट पाहत बसले.

मीच उभी राहिले. चारचौघांत म्हणायची सवय मला एकाच गोष्टीची: आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात माईक धरून मंगलाष्टकं मीच म्हणते. तीच सुरू झाली. ‘शुभ मंगल सावधान’ला अक्षता टाकायला हातही वर गेला, तेव्हा कुठे भानावर आले. थडग्यावर जायच्या आधी मंगलाष्टकं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेरेने अर्थ विचारला. खोटं बोलवेना.

“लग्नातलं आहे,” मी म्हटलं. “दोन घरं जोडली जातात तेव्हा म्हणतात.”

ती मार्गारेटकडे वळली. “पणजोबांच्या इथल्या लग्नाला तुमच्याकडचं कुणी आलं नव्हतं. आज आलात.”

तिने मार्गारेटच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. मार्गारेट लहान मुलीसारखी रडली, आणि खरं सांगते, मीही रडले.

फुलं दोघींनी मिळून वाहिली. जेवणात रेवेना (बटाट्याच्या विरजणाचा पाव) होता. लोणी लावून मी भरपूर हाणला. व्याह्यांकडे लाजायचं कशाला?

परतताना मार्गारेटचं तोंड मिटेना. मी मात्र विचारात पडले होते. आजवर कितीतरी लग्नांत मंगलाष्टकं म्हटली, पण नवरा-नवरी मातीआड गेल्यावर वऱ्हाड पोचलेलं हे पहिलंच.