बाचं प्रभुभोजन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या पाळकबाबांचे. आमचं गाव म्हसावदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. चौथीनंतर बा मला गुरांमागे पाठवणार होता. तेव्हा पाळकबाबा आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि बा हो म्हणेपर्यंत उठलेच नाहीत. शहाद्याचं वसतिगृह, पुढे लोणखेड्याचं कॉलेज, प्रवेशाच्या रांगा, सगळीकडे तेच माझ्यासोबत उभे होते. आज मी शाळेत शिकवतो, ते त्यांच्यामुळे.

पाळकबाबा सपाटीवरचे, घरची बोली अहिराणी. आमची भिली ते गावातल्या बायकांकडून शिकले आणि शेवटपर्यंत मोडकीच बोलले. बा त्यांना तोंडावर म्हणायचा, "पाळकबाबा, तुम्ही आमच्या बोलीत प्रार्थना करता तेव्हा देवालाही परत विचारावं लागत असेल." यावर सगळ्यात मोठ्याने तेच हसायचे.

आमच्या मंडळीत शिस्तीची जुनी रीत आहे. कुणी दारू प्यायला, भगताकडे गेला, जुन्या देवांच्या कार्याला बसला, तर त्याचं प्रभुभोजन बंद होतं. उपासनेत सगळे भाकरीचा तुकडा आणि प्याला घेतात, त्याला मिळत नाही. त्याने मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केली की पुन्हा सुरू होतं. पाळकबाबाही ही रीत पाळत. पण ज्याचं प्रभुभोजन बंद केलं, त्याच्या घरी ते त्याच दिवशी जात. असेल ते खात, पिकापाण्याचं विचारत, त्या विषयावर अवाक्षर काढत नसत. आणि त्या रविवारी सगळ्यांना भाकर वाटून झाली की स्वतः न घेता ताट झाकून ठेवत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लोकांना कळायचं. शिस्तीतला माणूस फार दिवस बाहेर राहायचा नाही.

ते निवृत्त होऊन लोणखेड्याला मुलीकडे राहायला गेले आणि नवे पास्टरसाहेब आले. शिकलेले, स्वच्छ मराठी बोलणारे. त्यांनी प्रार्थनामंदिराचं छत नवं केलं, नळ आणला, उपासना वेळेवर सुरू केली. मला मनापासून आनंद झाला होता. शिस्तीतल्यांची नावं ते माइकवरून वाचत. "नियम सगळ्यांना सारखा," असं म्हणत. तेही मला योग्यच वाटलं. पूर्वी पाटलाच्या नात्यातला कुणी असला की मंडळीचे पंच डोळेझाक करायचे. पास्टरसाहेबांनी ते बंद केलं होतं.

मग माझे मोठे काका वारले. ते ख्रिस्ती झाले नव्हते. तरुणपणी दोघा भावांचा ढोल आजूबाजूच्या गावांत नावाजलेला होता. बाप्तिस्मा घेतल्यापासून बाने ढोलाला हात लावला नव्हता. काकांच्या दिवसाला जुन्या पद्धतीने सगळं चाललं होतं आणि काकांच्या मुलाचा हात ढोलावर नीट पडत नव्हता. बा उठला, त्याच्या गळ्यातला ढोल काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि संध्याकाळपर्यंत वाजवत राहिला.

रविवारी त्याचं नाव माइकवर आलं. पास्टरसाहेबांनी त्याला ऑफिसात बोलावलं. बा गेला नाही. पास्टरसाहेब घरी आले नाहीत. मी बाला समजावू लागलो, तर तो म्हणाला, "भाऊ होता माझा. त्याला वाजवत पोचवला. यात देवाचं मी काय घेतलं?"

बा दर रविवारी जाऊन मागच्या ओळीत बसायचा. भाकरीचं ताट त्याच्याजवळ आलं की पंच ते त्याच्या डोक्यावरून पलीकडच्याला द्यायचे.

उन्हाळा लागताना त्याला लकवा झाला. नंदुरबारच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही. घशातून फक्त एक आवाज निघायचा. एका रविवारी मंदिरातलं गाणं ऐकू आलं तेव्हा त्याने माझा हात धरला, तिकडे बोट दाखवलं आणि बोटं ओठांना लावली. आईने पाणी आणलं. त्याने मान हलवली. तिने भाकर आणली. त्याने पुन्हा मंदिराकडे बोट केलं.

मी पास्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनी बसवलं, चहा दिला, बाची चौकशी केली. मी म्हणालो, बाच्या वतीने मी मंडळीपुढे उभा राहतो.

"सर, कबुली ज्याची त्यानेच द्यायची असते," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्यासाठी आज नियम वाकवला, तर उद्या इतरांना कोणत्या तोंडाने अडवू?"

"त्याला बोलता येत नाही."

"देव त्यांचं मन जाणतो."

"मग आपण?"

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, वरच्या कमिटीला विचारतो. वाईट माणूस नव्हते ते. आणि मी तरी मंडळीपुढे काय वाचणार होतो? बाला वाचा असती तरी त्याने ती चूक मानली नसती. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लोणखेड्याला गेलो. पाळकबाबांना आता नीट ऐकू येत नाही. कानाशी ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी लगेच काठी घेतली. एसटीने, पुढे जीपने आम्ही गावात आलो. आमच्याकडे निवृत्त पाळकाला जुन्या मंडळीत परवानगीशिवाय प्रभुभोजन देता येत नाही, म्हणून ते आधी पास्टरसाहेबांकडे गेले. मी बाहेर थांबलो. त्यांना ऐकू यावं म्हणून पास्टरसाहेब मोठ्याने बोलत होते, ते मला ऐकू आलं: "हा नियम तुम्हीही इथे पाळत होतात ना, बाबा?"

पाळकबाबा बाहेर आले आणि काठी टेकत आमच्या घराकडे निघाले. घरी येऊन बाच्या खाटेवर बसले. बाने त्यांना ओळखलं आणि बोटं ओठांना लावली. मी ताटलीत भाकरीचा तुकडा आणि कपात पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणालो, इथे कोण बघतंय.

त्यांनी ताटलीला हात लावला नाही. "मन्हा हातमा काहीच नही शे, भाऊ," ते अहिराणीत बाला म्हणाले. बाने पुन्हा तीच खूण केली. त्यांनी त्याचा हात ओठांवरून हळूच खाली घेतला आणि धरून ठेवला. शेवटच्या जीपची वेळ होईपर्यंत ते तसेच बसून होते.

चांगला पुढारी कोण आणि वाईट कोण, हे मला फार सोपं वाटायचं. त्या आठवड्यात दोघांनीही नाहीच म्हटलं. एकाने खुर्चीवरून, एकाने हात धरून. मला तो फरक दिसत होता. बाला दिसला की नाही, ते विचारायची सोय नव्हती.

बा पेरणीआधी गेला. पाळकबाबांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र लिहिलं.

"प्रिय पाळकबाबा, सलाम.

बुधवारी सकाळी बा गेला. तुम्ही येऊन गेल्यावर तो खूण करायचा थांबला होता. समजून थांबला की कंटाळून, ते आम्हाला कळलं नाही. कमिटीचं उत्तर अजून आलेलं नाही.

माती आपल्या दफनभूमीतच झाली. पास्टरसाहेबांनी अडवलं नाही. प्रार्थना चांगली केली, बाला विश्वासू भाऊ म्हणाले. आई रडली. मला रडू आलं नाही.

शनिवारी ते घरी आले, पहिल्यांदाच. पंचांत एक जागा रिकामी आहे, शिकलेला माणूस हवा, असं म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही, हो पण म्हणालो नाही. मी पंच झालो तर कुणाचा फायदा होईल का? तुम्ही सगळं जन्मभर चांगलं केलंत, तरी त्या दिवशी तुम्हाला काही करता आलं नाही. हे रागाने लिहीत नाही. आधी राग होता.

या रविवारी त्यांना उत्तर द्यायचं आहे. तुम्ही सांगाल तसं करीन. तुमचं पत्र वेळेत आलं नाही तर काय म्हणू, ते मला सुचत नाही.

तब्येतीला जपा.

तुमचा."