हमीदचाचांनी बसवलेली कडी

नातवाच्या वेल्डिंगच्या दुकानात तापल्या लोखंडाचा वास आला की मला सासरच्या कोरीट गावातली विहीर दिसते. माझं नुकतंच लग्न झालं होतं. गाळ काढायला यजमान मोठ्या बादलीत बसून विहिरीत उतरणार होते. गावात लोहारकाम करणाऱ्या हमीदचाचांनी तापलेली सळई वाकवून बादलीला नवी कडी बसवली. माझा उतरलेला चेहरा त्यांनी पाहिला.

"घाबरू नको, बेटी. पहिले मी बसस," म्हणत ते स्वतःच बादलीत बसले. गड्यांनी दोर सैल सोडला. म्हातारे चाचा खोल विहिरीवर अधांतरी झुलू लागले. कडी करकरली, पण टिकली.

"आते धाड त्याले," ते वर येऊन म्हणाले.

यजमान सुखरूप परतले. तेव्हा माझी नजर त्या कडीवरच खिळली होती. आज आठवतो तो चाचांचा झुलतानाचा निवांत चेहरा.