माझी डबी, त्याचा अँप
गिटार मी बेताचीच वाजवायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे केलं ते कुणा मोठ्या कलावंताच्या हट्टापायी केलं असं वाटायला नको. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकहून सिल्वासाला येऊन तिथल्या सायली भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागलो होतो. कॉलनीतल्या आम्ही पाच-सहा जणांनी ऑर्केस्ट्रा काढला होता. गणपतीत दीड तासाचा कार्यक्रम आणि वर्षभर त्याच्या गप्पा, एवढाच आमचा पसारा.

गिटारला लागणारा अँप्लिफायर मला करून दिला आमच्या मेंटेनन्समधल्या वायरमनने. धुळ्याचा माणूस, किलवणीकडे खोली घेऊन राहायचा. त्याच्या वडिलांचं धुळ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पोरगा कारखान्यात नुसत्या वायरी ओढतो, हातात कसब म्हणून नाही, असं ते चारचौघांत बोलून दाखवायचे. त्याने अँपसाठी जुन्या रेडिओतले दोन काचेचे व्हॉल्व्ह मागितले तेव्हा त्यांनी ते कागदात गुंडाळून दिले खरे, पण वाया घालवशील, हेही सुनावलं. हे सगळं त्यानेच मला हसत हसत सांगितलं होतं.

त्याने ते वाया घालवले नाहीत. पॅकिंगच्या फळ्यांची पेटी, भंगारातला ट्रान्सफॉर्मर आणि पुढच्या अंगाला मशीनच्या पॅनेलवर असतो तसा लाल दिवा. आमच्याकडे दिवा पेटला म्हणजे मशीन चालू, इतकं सरळ गणित. आवाज गोड होता, खोटं कशाला बोलू? पण त्यामागे एक गुणगुण सारखी चालायची. तिच्यापायी त्याने काय नाही केलं! अर्थिंग नीट मिळावं म्हणून स्टेजमागे लोखंडी सळई ठोकून तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचा. गुणगुण कमी व्हायची, जायची नाही. पहिल्याच वर्षी एका मॅनेजरने विचारलं, ही गिटार आहे की पिठाची गिरणी? सगळे हसले, वायरमनही हसला. मला मात्र ते झोंबलं.

दुसऱ्या वर्षी मी मुंबईहून एक डबी आणली. जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यात निरनिराळ्या अँप्लिफायरांच्या आवाजांच्या नकला भरलेल्या होत्या. बटण फिरवलं की हुबेहूब व्हॉल्व्हचा आवाज, आणि गुणगुण नाही. तिची वायर सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये खुपसायची, की झालं. अँपची गरजच नव्हती.

हे त्याला सांगायला माझं काय जात होतं? दोन वाक्यांचं काम. पण त्याच आठवड्यात तो सांगत आला, वडील गणपतीला येताहेत, खास अँप ऐकायला. एकदा त्यांनी आपल्या कानांनी ऐकावं, मग काय बोलायचं ते बोलू देत. त्याचा चेहरा असा फुलला होता की माझी जीभ रेटेना. मनातल्या मनात मी त्याला दया म्हणालो. कसली डोंबलाची दया? भित्रेपणा होता तो. मला डबीही वाजवायची होती आणि वाईटपणाही घ्यायचा नव्हता.

मग मी अक्कल चालवली. डबीतून दोन वायरी काढल्या. एक अँपला, देखाव्यापुरती. दुसरी मिक्सरला, कामाची. अँपच्या आवाजाचं बटण शून्यावर ठेवलं. त्याच्यासमोर गेल्या वर्षीसारखा माइक उभा केला आणि मिक्सरवाल्याला तो बंद ठेवायला सांगितलं. तो वापीचा होता. थई जशे, साहेब, होऊन जाईल, म्हणाला आणि गालात हसला. वायरमनला मी सांगितलं की डबी नुसती इफेक्टची आहे, आवाज अँपमधूनच येणार. त्याने मान डोलावली, सळईला पाणी घातलं, लाल दिवा रुमालाने पुसला.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. वडील पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, डोळे मिटून ऐकत होते. गिटारचा आवाज मैदानभर स्वच्छ पसरला. वायरमन स्टेजच्या कडेला उभा होता आणि माझ्याकडे नाही, वडिलांकडे बघत होता. चौथ्या गाण्यात माझा एकट्याचा तुकडा आला आणि ऐन मध्यावर अँपचा लाल दिवा विझला. फ्यूज उडाला होता.

तो खिशातून फ्यूज काढत धावला. दोन पावलांवर थबकला. गिटार वाजतच होती. त्याने दिव्याकडे पाहिलं, मग डबीकडे, मग मिक्सरकडे गेलेल्या वायरीकडे. एवढ्या वर्षांचा वायरमन, त्याला कळायला कितीसा वेळ लागणार? माझी बोटं चालत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तो वळला आणि अँपला पाठ लावून, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. विझलेला दिवा त्याच्या पाठीआड गेला. गाणं संपेपर्यंत तो तसाच टाळ्यांचा ठेका धरून उभा होता. निवेदन सुरू झाल्यावर त्याने खाली बसून फ्यूज बदलला आणि दिवा पुन्हा पेटवला.

कार्यक्रम संपल्यावर वडील स्टेजवर आले. पेटीवर हात ठेवून ऊब बघितली. "व्हॉल्व्हचा आवाज लपत नाही," ते मला म्हणाले. "मी उगाच बोलत होतो, साहेब. पोराच्या हातात कसब आहे." मी मान हलवली. त्यापलीकडे काही करण्याची माझी लायकीच नव्हती. पोराने वाकून वडिलांच्या पायाला हात लावला.

वायरी गुंडाळताना मी त्याला बाजूला घेतलं. माफी मागायची असं ठरवलं होतं, पहिला शब्दही ओठावर आला होता. पण तोच आधी बोलला, आजूबाजूला बघत, अगदी हळू.

"साहेब, बाबा परवाच्या एसटीनं धुळ्याला जातील. तोवर ती डबी कोणाला दाखवू नका. एवढं करा माझ्यासाठी."

मी बरं म्हणालो. त्याने माझे आभार मानले आणि सळई उपटायला स्टेजमागे गेला.